तोरण्याचा काना

डोहाळजेवणाच्या दिवशी झाकलेल्या दोन वाट्या पुढे ठेवून गर्भवतीला एक उघडायला सांगतात. पेढा निघाला की एक तर्क, बर्फी निघाली की दुसरा. त्या तर्काला काडीचाही आधार नाही आणि बाळ मुलगा की मुलगी हे विचारण्याची हौस आता सोडूनच द्यावी. तरीही वाटीवरचे झाकण उचलण्यापूर्वीची ती क्षणभराची शांतता सर्वांना हवीशी वाटते. शुभप्रसंगी माणसाला कोडे हवे असते, ते याच शांततेसाठी.

जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात अशाच प्रसंगी वाट्यांऐवजी शब्द ठेवलेले आहेत. नवव्या शतकातला, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातला हा संस्कृत ग्रंथ. त्याच्या बाराव्या पर्वात ऋषभदेवांची माता मरुदेवी गर्भवती असताना तिच्या सेवेतील देवी तिचे मन रमवण्यासाठी तिला एकामागून एक कोडी घालतात आणि मरुदेवी ती सोडवते. कोड्यांचे प्रकारही थोडेथोडके नाहीत. ज्याचे उत्तर प्रश्नाच्याच शब्दांत दडलेले असते ती अंतर्लापिका, बाहेरून आणावे लागते ती बहिर्लापिका. एखादी मात्रा गळाली की अर्थ पालटतो ते मात्राच्युतक, अनुस्वार गळाला की बिंदुच्युतक, अख्खे अक्षरच गळाले की अक्षरच्युतक. ओठ न मिटता उच्चारता येईल असे निरौष्ठ्यही त्यात आहे. आचार्यांनी हा सगळा पसारा गर्भवती स्त्रीच्या करमणुकीसाठी मांडला, राजसभेतील पंडितांच्या झुंजीसाठी नव्हे, याकडे जितके लक्ष जायला हवे तितके जात नाही. उत्तर देणारीही स्त्रीच आहे आणि तिला कोणी सोपी कोडी घालून सवलत दिलेली नाही.

ही परंपरा एकाकी नव्हे. दंडीने काव्यादर्शात प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले. त्याच्याच दशकुमारचरितात मंत्रगुप्ताचे ओठ दुखावलेले असल्यामुळे त्याची संपूर्ण कथा एकही ओष्ठ्य वर्ण न वापरता सांगितलेली आहे. जयवल्लभाच्या वज्जालग्ग या प्राकृत सुभाषितसंग्रहात ‘हियाली’ म्हणजे कोड्यांचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि मध्ययुगीन गुजरातीत जैन साधुकवींनी ‘हरियाळी’ या नावाने गूढार्थाची पदे रचली. मराठीत संतांचे कूट अभंग आहेत, गोव्याकडे हुमणे आहेत आणि घरोघरी उखाणे आहेत. हल्ली पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात जो प्रश्नमंच होतो, धार्मिक हौजी खेळली जाते, ती याच वंशवेलीवरची अगदी कोवळी पाने होत.

चौकटींचे शब्दकोडे मात्र परदेशातून आले आणि तेही फार जुने नाही. 21 डिसेंबर 1913 रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत आर्थर विन याने शंकरपाळ्याच्या आकाराचे पहिले कोडे छापले. आपल्याकडे त्याचा प्रसार झाला तो बराचसा बक्षिसांच्या लोभाने. बक्षिसांच्या रकमा आणि प्रवेशफीचे पैसे इतके फुगले की 1955 साली संसदेला त्यासाठी कायदा करावा लागला. महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसे नकोत, दोन हजारांहून अधिक प्रवेशिका नकोत, अशी मर्यादा त्यात घातली गेली. बंगळूरहून चालणाऱ्या आर.एम.डी.सी. शब्दकोड्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1957 साली निकाल लागला, तो आजही जुगार कोणता आणि कौशल्य कोणते हे ठरवताना वकील काढून दाखवतात. घरच्या कोड्याला यातून एकच बोध घ्यावासा वाटतो: बक्षीस असावे, पण खाऊच्या पुडीएवढे. पाकिटातून पैसे दिले की मुले उत्तर शोधण्याऐवजी उत्तर कोणाकडे आहे ते शोधू लागतात.

आता भोर आणि वेल्हे. वेल्ह्याला अलीकडे राजगड तालुका म्हणू लागले असले तरी जुन्या माणसांच्या तोंडी वेल्हेच आहे. कोडी रचणाऱ्याला इतका सुपीक प्रदेश क्वचित मिळावा. भोर ज्या नीरेच्या काठी आहे ती नदी उलटी वाचून पाहावी. नी-रा उलटली की रा-नी. म्हणून प्रश्न असा घालता येतो: ‘भोरची नदी उलटी फिरली तर कोठे शिरेल?’ उत्तर: रानी. पहाटेचे पेय आणि भोरची नदी या दोघींचे एकच नाव कोणते, हाही प्रश्न त्याच शब्दावर निघतो. नसरापूरजवळच्या बनेश्वराच्या देवळात नंदी आहे. त्याच्या माथ्यावरचा बिंदू काढला की तो वाहू लागतो: नंदीची नदी होते. हे जिनसेनांचे बिंदुच्युतक, आणि तिसरीतल्या मुलालाही ते समजते. वेल्ह्याच्या कानंदी नदीच्या नावातच तो नंदी बसलेला आहे, केवळ ‘का?’ असे विचारून पुढे जायचे. ही झाली अंतर्लापिका. निरौष्ठ्य खेळायचे तर राजगड म्हणता येतो, भोर म्हणता येत नाही, कारण ‘भ’ला ओठ मिटावेच लागतात.

आणि तोरणा. शिवाजी महाराजांनी स्वराज्याच्या प्रारंभी घेतलेला हा वेल्ह्याचा किल्ला, प्रचंडगड हे त्याचे दुसरे नाव. शेवटच्या अक्षराचा काना काढला की राहते तोरण. लग्नपत्रिकेवर, गृहप्रवेशाच्या निमंत्रणावर हे मात्राच्युतक किती सहज बसेल: ‘वेल्ह्याचा गड काना उतरवून आमच्या दारी आला आहे, ओळखा.’ पाहुणा दारापाशी येतो, वर पाहतो आणि उत्तर त्याच्या डोक्यावर टांगलेले असते.

अशी सुटी कोडी पाच मिनिटांत होतात. चौकटींचे कोडे रचणे निराळे, त्याला संध्याकाळी दोन तरी हव्यात. इंग्रजीची नक्कल करू पाहणारा येथेच फसतो. इंग्रजीच्या घरात सव्वीस चिन्हांपैकी एक बसते. मराठीच्या घरात अक्षर बसते, म्हणजे व्यंजन त्याच्या काना-मात्रा-वेलांटीसह. जोडाक्षरही एकाच घरात. बाराखडीच धरली तरी चारशेहून अधिक अक्षरे होतात, जोडाक्षरे निराळीच. दोन शब्दांनी एकमेकांना छेदायचे तर ते अक्षर तंतोतंत जुळले पाहिजे, म्हणून मराठी कोडे दाट होत नाही. पंधरा बाय पंधराचा हट्ट सोडून सात किंवा नऊ घरांत समाधान मानावे. संगणकावरची परदेशी तयार साधने पुष्कळदा वेलांटी एका घरात आणि व्यंजन दुसऱ्या घरात टाकतात, तेव्हा त्यांच्या नादी न लागता शाळेची चौकटीची वही, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसणे बरे.

पहिला प्रयत्न सात आडव्या आणि पाच उभ्या घरांचा करून पाहावा. दुसऱ्या ओळीत तिसऱ्या घरापासून ‘नसरापूर’ लिहावे: न, स, रा, पू, र, अशी पाच घरे. पहिल्या ‘न’खाली ‘थ’ लिहिला की ‘नथ’ झाली. ‘रा’खाली ज, ग, ड लिहिले की ‘राजगड’ उभा राहिला. शेवटच्या ‘र’च्या डोक्यावर ‘भो’ ठेवले की ‘भोर’. राजगडाचा ‘ड’ पाचव्या ओळीत येतो, तेथे डावीकडून ‘केंजळगड’ आणून टेकवावा. दोन्ही गडांचा शेवट एकाच ‘ड’वर होतो. पाच शब्द झाले. रोहिडा मात्र आडमुठा आहे. ‘रो’ आणि ‘हि’ला जोडीदार सहजी मिळत नाही; ‘डा’साठी भोरचा ‘राजवाडा’ बोलवावा लागतो. तोरण्याचा ‘णा’ही अडवून धरतो, कारण ‘ण’ने मराठी शब्द सुरू होत नाही, त्यामुळे त्याला दुसऱ्या शब्दाच्या मध्याशी किंवा शेवटाशीच गाठ घालावी लागते. त्याच्या मदतीला येतो ‘उखाणा’, आणि ते योग्यच आहे.

ऱ्हस्व-दीर्घाचा ताळा कोडे वाटण्यापूर्वी दुसऱ्याकडून करून घ्यावा. साहित्य महामंडळाचे चौदा नियम 1962 साली आले, त्यांत 1972 साली चारांची भर पडली, तरी नीरेची वेलांटी घरोघरी पहिलीच पडते. कोड्यात एक वेलांटी चुकली की तिला छेदणारा शब्दही चुकतो आणि सोडवणारा स्वतःला दोष देत बसतो. जमाखर्चात एक पैसा न जुळला तर जसे पहिल्या पानापासून पाहावे लागते, तसेच हे आहे.

प्रश्न केवळ सामान्यज्ञानाचे असले तर ते कोडे कोणत्याही घरी चालेल, मग ते या घरच्या समारंभाचे कसे? सहस्रचंद्रदर्शनाचे उदाहरण घ्यावे. दोन पौर्णिमांमध्ये साधारण साडेएकोणतीस दिवस, म्हणून हजार चंद्रांना सुमारे ऐंशी वर्षे आणि दहा महिने लागतात. एक्याऐंशीव्या वर्षी समारंभ करण्याचा हिशेब हाच. ज्या आजीचा किंवा आजोबांचा हा सोहळा असेल त्यांच्याजवळ इतरांकडे नसलेले शब्द असतात. भाताच्या या मुलखात ज्यांनी दुकानाच्या ओट्यावर धान्य मापलेले पाहिले, त्यांना दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली हे कोष्टक अजून पाठ असते. ‘चार शेर जिच्या पोटात मावतात ती कोण?’ असा प्रश्न कोड्यात घातला की पुण्यात इंग्रजी शाळेत शिकणारा नातू पहिल्यांदा मोबाइल उघडतो. तो उघडू द्यावा. पण त्याच्या शेजारचा प्रश्न असा असावा की ज्याचे उत्तर मोबाइलमध्ये नाही: विहिरीकडच्या वावराचे घरात काय नाव होते, दुभत्या गाईला काय म्हणत, आजीने माहेरहून आणलेल्या पितळी भांड्यावर कोणते नाव कोरले आहे. मग त्याला आजीजवळ जाऊन बसण्यावाचून गत्यंतर नसते.

घरच्या कोड्याचे खरे काम येथे सुरू होते. वावरांची नावे सातबाऱ्यावर पुष्कळदा नसतात, तेथे गट क्रमांक असतो. भाटघर धरणात बुडालेले कांबरेश्वराचे मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघडे पडते आणि लोक ते पाहायला जातात; बांधाला, पाणवठ्याला, उंबराला असलेल्या नावांना तसा उन्हाळा येत नाही. ती ज्यांना ठाऊक आहेत त्यांना कोणी विचारले नाही, तर ती त्यांच्याबरोबर जातात. ‘आजी, जुन्या गोष्टी सांग’ असे मोघम म्हटले की आजी ‘काय सांगू?’ म्हणते. ‘तीन अक्षरी, मधले ‘ळ’, आपल्या खालच्या वावराचे नाव’ असे विचारले की ती ताठ बसते. मग ते वावर निघते, त्यातला आंबा निघतो, आंब्यावरून पडून हात मोडलेला भाऊ निघतो आणि कोडे बाजूलाच राहते. राहू द्यावे. फक्त कोणीतरी ते शब्द वहीत टिपून घ्यावेत.

आणखी एक गोष्ट उघडपणे लिहिली पाहिजे. आपल्या समारंभांत ‘नाव घ्या, नाव घ्या’ असा गलका होतो. पतीचे नाव तोंडाने घ्यायचे नाही या जुन्या रीतीतून उखाण्याची ही सुंदर पळवाट निघाली, त्यात शंका नाही. पण ज्या स्त्रीचा पती हयात नाही तिच्याकडे तो गलका वळत नाही. ती त्या वेळी स्वयंपाकघरात पानांची मोजणी करीत असते किंवा कोपऱ्यात हसऱ्या चेहऱ्याने बसलेली असते. जिच्या उखाण्यांवर एकेकाळी सगळे वऱ्हाड थांबायचे तीच बहुधा ही स्त्री असते. यमके तिला आजही सुचतात, विचारायचे मात्र कोणाला सुचत नाही. कोड्याला सौभाग्याची अट नसते. समारंभाचे कोडे रचण्याचे काम तिच्याकडे द्यावे, आणि तिच्या पतीचे नाव त्या चौकटीत ज्या घरात बसेल तेथे बसवावे. पन्नास माणसे ते नाव पेन्सिलीने लिहितील. काही घरांतील ज्येष्ठांना हे रुचणार नाही. त्यांच्याशी वाद घालू नये, पण कोडे वाटून टाकावे.

रचणाऱ्याच्या हाती सत्ता असते म्हणून काही पथ्येही पाळावी लागतात. कोणाचा रंग, कोणाची परीक्षा, कोणाचे मोडलेले लग्न, कोणाला मूल नसणे, यांवरून प्रश्न करू नये. ‘गंमत केली’ ही सबब छापील कागदावर चालत नाही, कारण तो कागद घरी जातो. नवी सून घरात येऊन आठवडाच झालेला असतो, तिला सासरच्या चार पिढ्यांची नावे विचारणे म्हणजे परीक्षा घेणे होय. त्यापेक्षा चार शब्द तिच्या माहेरचेही घालावेत, म्हणजे त्या चार घरांपाशी सासरच्यांना तिच्याकडे यावे लागेल. आई-वडील एका भाषेत आणि आजी-आजोबा दुसऱ्या भाषेत बोलतात अशी घरे आपल्या समाजात पुष्कळ आहेत; त्यांनी मराठी चौकटीत दोन-तीन गुजराती किंवा मारवाडी शब्द आल्याने व्याकरण बुडेल अशी भीती बाळगू नये, फक्त प्रश्नात तसे सांगावे.

वाटण्याविषयी थोडेसे. झेरॉक्स प्रत मोठ्या अक्षरांत काढावी, चष्मा विसरून आलेल्या मामांना घर दिसले पाहिजे. दोघांमागे एकच प्रत द्यावी, तीही एक वडीलधारे आणि एक लहान अशा जोडीला. प्रत्येकाला स्वतंत्र प्रत दिली की सभागृहाचा परीक्षा-हॉल होतो. भिंतीवर एक मोठा तक्ता लावून येणाऱ्या-जाणाऱ्याने एकेक शब्द भरायचा, हीही पद्धत चांगली, विशेषतः जेवणाच्या पंगती लांबल्या असतील तेव्हा. दूरच्या नातेवाइकांसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर छायाचित्र पाठवावे, पण उत्तरे समूहावर न टाकता एकाच व्यक्तीकडे पाठवावीत असे आधीच बजावावे. तरीही एखादे काका पाच मिनिटांत सगळी उत्तरे समूहावर टाकतातच. त्यांना पुढच्या वेळी कोडे रचायला बसवावे, हा त्यावरचा उपाय.

या महिन्यासाठी तीन कोडी, तिन्ही याच मुलखाच्या आसपासची.

एक: चार अक्षरे. पहिली दोन झाडावर हलतात, शेवटची दोन नांगराची वाट पाहतात. चारही एकत्र आली की पुण्याचे पाणी साठते.

दोन: चार अक्षरे. पहिली दोन राजाची स्तुती गातात, शेवटची दोन संध्याकाळी सर्वांना परत बोलावतात. चारही मिळून वेळवंडी नदीला अडवतात.

तीन: पाच अक्षरे. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, तेच. बरे होऊन दवाखान्यातून घरी आलेल्या माणसाला लाभलेले.

उत्तरे पुढील अंकात.